मज्जातंतूंची जुनाट वेदना आणि शस्त्रक्रियेविना पुनर्वसन

वेदना ही शरीराची पहारेकरी होय. तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, पायात काटा रुतताच पाऊल उचलले जाते, ते या पहारेकऱ्याच्या दक्षतेमुळेच. परंतु जखम भरून आली, मोडलेले हाड सांधले गेले, अंगावरच्या नागिणीच्या खपल्याही गळून पडल्या, तरी आग, ठणका आणि मुंग्या थांबत नाहीत, अशी अवस्था पुष्कळांच्या वाट्याला येते. चोर केव्हाच निघून गेला, तरी रखवालदाराच्या शिट्ट्या रात्रभर चालूच राहाव्यात, तसा हा प्रकार असतो. इथे बिघाड झालेला असतो तो इशारा वाहून नेणाऱ्या यंत्रणेतच, म्हणजे मज्जातंतूंत, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. म्हणूनच या वेदनेला मज्जातंतुजन्य वेदना असे नाव आहे. ती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली वा वारंवार उद्भवत राहिली, की तिला जुनाट म्हणतात.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा आढावा घेता शंभर प्रौढांपैकी सुमारे सात ते दहा जणांना अशा स्वरूपाची वेदना असते, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्या आवृत्तीत जुनाट वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले आणि मज्जातंतुजन्य वेदना हा तिचा एक वेगळा प्रकार मानला गेला. तथापि घरात आणि कित्येकदा दवाखान्यातही रुग्णाला एकच वाक्य ऐकावे लागते, ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत.’ त्यातून रुग्ण दोन टोकांना जातो. एक तर तो एका तपासणीकडून दुसऱ्या तपासणीकडे आणि एका इंजेक्शनकडून दुसऱ्या इंजेक्शनकडे धावत राहतो. किंवा दुखणारा हात, दुखणारा पाय जपून, झाकून, न वापरता ठेवतो. दुसरा मार्ग वरकरणी शहाणपणाचा वाटला तरी त्यात फार मोठा धोका असतो. न वापरलेले स्नायू रोडावतात, सांधे आखडतात, माणसाचे काम सुटते, झोप जाते आणि वेदना मात्र वाढतच राहते.

या दुष्टचक्रातून बाहेर पडण्यासाठी शरीरात सुई वा शस्त्र न घालता करावयाच्या पुनर्वसनाचे शास्त्र गेल्या अर्धशतकात हळूहळू उभे राहिले आहे. त्याची ताकद किती आणि मर्यादा कोणत्या, हे दोन्ही रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

वेदनेची भाषा

मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, टोचणी, आग, मुंग्या यांतील प्रत्येक शब्दाची छटा निराळी आहे आणि रुग्ण कोणता शब्द वापरतो, याला निदानात मोल आहे. मुरगळलेला घोटा किंवा झिजलेला गुडघा सहसा ठणकतो, अवघडतो. मज्जातंतूंची वेदना मात्र बहुधा आग, विजेचा झटका, सुया टोचणे, बर्फासारखा बोचरा गारवा, मुंग्या, खाज आणि बधिरपणा या शब्दांत सांगितली जाते. २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तयार केलेली ‘डीएन-४’ ही प्रश्नावली याच शब्दांवर आधारलेली आहे. तीत सात लक्षणांविषयी प्रश्न असून तीन गोष्टी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून पाहायच्या असतात. दहांपैकी चार किंवा अधिक गुण पडल्यास वेदना मज्जातंतुजन्य असण्याची शक्यता बळावते.

या वेदनेची आणखी एक खूण म्हणजे दोन परस्परविरोधी तक्रारी एकाच जागी आढळणे. तळवा बधीर असतो, तरीही त्याची आग होते. टाचणी टोचलेली कळत नाही, पण पंख्याचा वारा किंवा पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. ऐकणाऱ्याला ही विसंगती वाटते आणि रुग्ण अतिशयोक्ती करतो असा ग्रह होतो. वस्तुतः ही विसंगतीच मज्जातंतूच्या विकाराकडे बोट दाखवत असते.

बिघाड कोठे होतो?

बोटाच्या टोकापासून निघालेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो आणि तेथून मेंदूकडे जातो. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने ही व्यवस्था घंटेच्या दोरीसारखी कल्पिली होती; खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते. हे चित्र तीनशे वर्षे टिकले. त्याला खरा धक्का बसला तो १९६५ मध्ये. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते. स्पर्श आणि दाब वाहून नेणाऱ्या जाड, वेगवान तंतूंचे संदेश हे फाटक लोटून घेऊ शकतात. मेंदूतून खाली येणारे संदेशही ते उघडू वा मिटू शकतात. ठेच लागल्यावर आपण पायाचा अंगठा घट्ट दाबून धरतो आणि बरे वाटते, त्याचे स्पष्टीकरण या सिद्धान्ताने दिले. त्यातील बारकावे पुढे बदलले, परंतु वेदना ही वाटेत घडवली जाते, कमीअधिक केली जाते, हे मूळ सूत्र कायम राहिले.

तंतूला इजा झाली, की त्याचे टोक आपोआप संदेश सोडू लागते. असे संदेश दीर्घकाळ येत राहिले, तर मज्जारज्जूतील पेशी अधिकाधिक हळव्या होत जातात आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. मेंदूत त्या अवयवाचा जो नकाशा असतो, तोही अस्पष्ट होऊ शकतो. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी गोळी लागून इजा झालेल्या मज्जातंतूंच्या दाहक वेदनांचे वर्णन केले. कापलेला हात वा पाय अजून जागेवर आहे आणि दुखतो आहे, अशी तक्रार करणाऱ्या सैनिकांविषयीही त्यांनी लिहिले. नसलेला पाय दुखतो याचा अर्थ एवढाच, की वेदना जाणवण्यासाठी त्या जागी इजा चालू असलीच पाहिजे असे नाही.

पुनर्वसनाचा पाया या वाक्यात आहे. दुखणे आणि इजा होणे या दोन गोष्टी जुनाट वेदनेत एकमेकींपासून सुटलेल्या असतात. हळवी झालेली यंत्रणा जशी बिघाड शिकते, तशी ती योग्य सरावाने काही प्रमाणात पुन्हा सावरू शकते.

आधी कारणाचा शोध

परंतु सरावाला लागण्यापूर्वी कारण शोधलेच पाहिजे. काही कारणे वेळीच हाती लागली तर मज्जातंतू वाचवता येतात आणि तेथे केवळ व्यायामावर विसंबणे घातक ठरते. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढत जाणाऱ्या आग-मुंग्यांचे ते सर्वांत मोठे कारण होय. ब १२ या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी कुटुंबांत सर्रास आढळते. शिवाय मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ती निर्माण होऊ शकते. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि भरूनही काढता येते. थायरॉईडची उणीव, अतिरिक्त मद्यपान आणि कर्करोगावरील काही औषधे यांचाही विचार करावा लागतो.

कुष्ठरोग इतिहासजमा झाला, असा समज आपल्याकडे पसरला आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे लक्ष्य गाठले, हे खरे. त्याचा अर्थ दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असा होता. आजही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. त्वचेवरचा संवेदनाहीन चट्टा, कोपराजवळची जाड व दुखरी नस, हाताची बोटे वाकू लागणे ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. वेळीच औषधे मिळाली तर मज्जातंतूचे नुकसान टळू शकते.

नागिणीच्या बाबतीतही वेळेला महत्त्व आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू केल्यास आजाराची तीव्रता कमी होते. पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागीणप्रतिबंधक लसही २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. मागाहून वर्षभर छातीची आग सोसण्यापेक्षा हा विचार आधी केलेला बरा.

कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, म्हणजे सायटिकासाठी, पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढून घेण्याची घाई केली जाते. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या कण्याच्या प्रतिमांचा मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील सुमारे ८४ टक्के लोकांच्या मणक्यांतील गादी फुगलेली आढळली. तेव्हा अहवालातील ‘डिस्क बल्ज’ हे शब्द वाचून हातपाय गाळण्याचे कारण नाही; त्याची सांगड लक्षणांशी बसते की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

मात्र काही लक्षणांत क्षणाचाही विलंब करू नये. लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भागास व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, पाऊल अचानक लुळे पडणे, अशक्तपणा दिवसागणिक वाढत जाणे, वेदनेबरोबर ताप किंवा वजनातील घट असणे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रिया टाळण्याचा हट्ट कायमचे पंगुत्व आणू शकतो.

बेतशीर हालचाल

पुनर्वसनाचा पहिला धडा हालचालीचे माप ठरवण्याचा आहे. बहुतेक रुग्ण बरे वाटेल त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतात. दिवाळीची साफसफाई एका दुपारी आटोपण्याच्या नादात महिनाभराची प्रगती वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. याऐवजी वेदनेवर न जाता घड्याळावर जावे. दहा मिनिटे चालल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल, तर सहा-सात मिनिटांपासून सुरुवात करावी. वाईट दिवशीही तेवढे चालावे आणि चांगल्या दिवशीही तेवढेच चालावे. आठवडाभर ते सोसले, तर पुढच्या आठवड्यात एक-दोन मिनिटे वाढवावीत. ही वाढ इतकी सावकाश असते की रुग्णाला हसू येते. परंतु हळव्या यंत्रणेला न बिथरवता पुढे नेण्याची हीच रीत आहे.

मधुमेही मज्जातंतुविकारात व्यायामाचा उपयोग वेदनेपुरताच मर्यादित नसावा, असे सुचवणारे काही अभ्यास आहेत. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात २०१२ मध्ये सतरा रुग्णांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात दहा आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामानंतर वेदना कमी झालीच, शिवाय त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंना अधिक फांद्या फुटल्याचे आढळले. इतक्या थोड्या रुग्णांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. तथापि चालणे, सायकल आणि स्नायूंना बळ देणारे हलके व्यायाम यांनी रक्तातील साखर, तोल आणि झोप सुधारते, याविषयी दुमत नाही.

मनगटातील मज्जातंतू दबल्याने बोटांना मुंग्या येतात, तेव्हा सौम्य अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे हा पहिला उपाय मानला जातो. याच विकारावर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतील योगासनांचा एक प्रयोग झाला असून तो १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेचाळीस रुग्णांच्या या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर आसने करणाऱ्यांची पकड सुधारली आणि वेदना कमी झाली. अंगठ्याखालचे स्नायू बारीक होऊ लागले असतील, तर मात्र आसने आणि पट्टा यांवर वेळ न घालवता शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा.

स्पर्शाची नव्याने ओळख

स्पर्शच सोसत नाही अशा भागाला स्पर्शाची पुन्हा सवय लावणे, ही व्यवसायोपचारतज्ज्ञांची जुनी पद्धत आहे. तिला लागणारे साहित्य कोणत्याही घरात सापडते. प्रथम मलमल किंवा जुने मऊ लुगडे, नंतर कापूस, नंतर साधे सुती कापड, मग टर्किश टॉवेल, अशा चढत्या क्रमाने दुखऱ्या भागावर हलकेच फिरवले जाते. हात असेल तर परातीत रवा, पुढे तांदूळ, त्यापुढे मूग किंवा राजमा घेऊन त्यांत बोटे घोळवली जातात. सोसेल पण नकोसे वाटेल, इतपत खरखरीत वस्तू निवडायची, पाच-दहा मिनिटे सराव करायचा आणि दिवसातून तीन-चार वेळा तो करायचा. डोळे उघडे ठेवून आपण कोठे आणि कशाने स्पर्श करतो आहोत, याकडे लक्ष देणे हा त्यातील महत्त्वाचा भाग. जखम उघडी असताना किंवा नागिणीचे फोड ओले असताना हा प्रयोग अर्थातच करू नये.

मनगटाच्या अस्थिभंगानंतर काही रुग्णांत हात सुजतो, त्याचा रंग आणि तापमान बदलते, घाम येतो आणि आग असह्य होते. या विकाराला ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. प्लास्टर निघाल्यावर हात आणखी जपून ठेवण्याची रुग्णाची प्रवृत्ती येथे विशेष घातक ठरते. लवकर ओळख पटून हालचाल आणि स्पर्शाचा सराव सुरू होणे, हा या विकारावरील उपचारांचा कणा आहे.

आरशातला हात

वेदनेच्या पुनर्वसनातील सर्वांत नवलाची कल्पना एका भारतीयाच्या नावावर आहे. तमिळनाडूत जन्मलेले, चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत संशोधन करणारे विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साधा आरसा वापरला. एक हात गमावलेल्या रुग्णासमोर मधोमध आरसा उभा करायचा. शाबूत हाताचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसते. शाबूत हात उघडला, मिटला की नसलेला हातही हलताना दिसतो. काही रुग्णांना वर्षानुवर्षे घट्ट मिटलेली ती अदृश्य मूठ सुटल्याचा अनुभव आला.

या कल्पनेची कसोटी २००७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या बावीस जणांवर घेण्यात आली. अठरा जणांनी प्रयोग पूर्ण केला. चार आठवडे रोज आरशात पाहून सराव करणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली. आरसा झाकून किंवा केवळ कल्पनेने सराव करणाऱ्यांत तसे घडले नाही. उलट काहींची वेदना वाढली. भारतात अवयव गमावलेल्या जवानांसाठी १९४४ पासून पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. कारखाने, रेल्वे आणि मधुमेह यांमुळे पाय गमावणाऱ्या नागरिकांचाही प्रश्न तितकाच मोठा आहे. त्यांच्यासाठी काही शे रुपयांच्या आरशाचा हा उपाय अजमावून पाहण्याजोगा आहे.

ऑस्ट्रेलियन संशोधक लॉरिमर मोझली यांनी २००४ मध्ये या उपायाला आणखी दोन पायऱ्या जोडल्या. पहिले दोन आठवडे चित्रांतील हात डावा की उजवा हे ओळखायचे, पुढचे दोन आठवडे हालचालीची केवळ कल्पना करायची आणि शेवटचे दोन आठवडे आरशाचा सराव करायचा. तेरा रुग्णांच्या त्या अभ्यासात निष्कर्ष उत्साहवर्धक आले. पुढे २०१२ मध्ये दोन केंद्रांतील रोजच्या उपचारांचा आढावा घेतला गेला, तेव्हा तसा लाभ दिसला नाही. ही पद्धत निरुपद्रवी व स्वस्त असल्याने करून पाहावी, पण ती प्रत्येकाला लागू पडेल असे गृहीत धरू नये, इतकेच यातून म्हणता येते.

यंत्रांचे आश्वासन

पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस डोकेदुखी आणि संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावण्यास सांगत असे. त्या कल्पनेचे आधुनिक रूप म्हणजे ‘टेन्स’ हे छोटे यंत्र. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून स्पर्शाचे तंतू चेतवावेत आणि मज्जारज्जूतील फाटक लोटावे, असा त्यामागील विचार आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये मज्जातंतुजन्य वेदनेतील टेन्सच्या अभ्यासांची छाननी केली. उपलब्ध पुरावा इतका कच्चा आढळला, की उपयोग होतो वा होत नाही असे काहीच ठामपणे सांगता आले नाही. काही रुग्णांना यंत्र चालू असेपर्यंत आराम पडतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी दवाखान्यात दोन-तीन आठवडे वापरून पाहावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नये. गर्भवतीच्या पोटावर, गळ्याच्या पुढील भागावर, तुटलेल्या किंवा पूर्ण बधीर त्वचेवर त्याच्या पट्ट्या लावू नयेत.

डोक्यावर चुंबकीय कुंडल धरून मेंदूच्या हालचालीशी संबंधित भागाला स्पंदने देण्याची पद्धतही आता मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत तिला तिसऱ्या फळीतील उपचारांचे स्थान आहे. पहिल्या फळीत अॅमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे, प्रीगॅबालिन व गॅबापेंटिन आणि ड्युलॉक्सेटिनच्या वर्गातील औषधे येतात. पुनर्वसन म्हणजे या औषधांना विरोध नव्हे. झोप लागण्याइतकी आणि पाऊल टाकण्याइतकी वेदना औषधाने कमी झाली, तर सराव शक्य होतो. ही औषधे मनाने सुरू करू नयेत आणि एकाएकी बंदही करू नयेत. ‘नसा नव्याने उगवतील’ अशी हमी देऊन हजारो रुपयांची पॅकेजे विकणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. कापला गेलेला मज्जातंतू अनुकूल परिस्थितीतही दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कोणतेही यंत्र आठवड्याभरात हा हिशेब बदलत नाही.

मन, झोप आणि घर

वेदनेत मनाचा वाटा आहे असे म्हटले, की आपले दुखणे खोटे ठरवले जात आहे, अशी रुग्णाची भावना होते. वास्तविक मेंदूतून मज्जारज्जूकडे येणारे संदेश फाटकाचे नियंत्रण करतात, ही शरीरशास्त्रातली गोष्ट आहे. भीती, निद्रानाश आणि एकटेपणा यांनी वेदना वाढते. विश्वास, झोप आणि आवडीच्या कामाने ती काही अंशी सुसह्य होते. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे मानसोपचार जुनाट वेदनेत अल्प प्रमाणात पण निश्चित लाभ देतात, असे मोठे आढावे सांगतात. घरच्यांनी ‘फार दुखते का?’ असे दर तासाला विचारण्यापेक्षा ‘आज किती चाललात?’ असे विचारावे. कामे हातातून काढून घेण्यापेक्षा ती निम्मी करून द्यावीत. भाजी निवडणे, पूजेची फुले आणणे, नातवाला बसथांब्यापर्यंत सोडणे हेही पुनर्वसनच होय.

बधीर पायांचा उलटा नियम

आतापर्यंत सांगितले ते एका नियमावर आधारलेले होते, दुखते म्हणजे इजा होतेच असे नाही. परंतु मधुमेह आणि कुष्ठरोग यांत याच नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते, दुखत नाही म्हणजे इजा होत नाही असेही नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांची वर्षानुवर्षे पाहणी केली. रोगाने बोटे झडतात हा समज चुकीचा असून संवेदना गेल्याने नकळत होणारे भाजणे, घासणे आणि ठेचाळणे हेच विद्रूपतेचे मुख्य कारण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ ‘एमसीआर’ रबराच्या चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात.

संवेदना किती उरली आहे, हे दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक धागा आणि कंप पावणारा चिमटा यांनी दोन मिनिटांत तपासता येते. प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. संवेदना कमी झालेली असेल, तर पायांची आग होते म्हणून ते गरम पाण्यात बुडवू नयेत, शेकाची पिशवी लावू नये. पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवरून अनवाणी देवदर्शन, अनवाणी प्रदक्षिणा वा वारी टाळावी. अंगठ्यात अडकवायच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेले, बोटांना न घासणारे पादत्राण निवडावे. रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांनी पाहावे. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण आतील हाडे ढासळू लागल्याची ती खूण असू शकते.

कोणाकडे जावे?

निदानासाठी मेंदू व मज्जातंतुविकारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ किंवा भौतिक वैद्यक व पुनर्वसन या शाखेचे डॉक्टर आणि सरावासाठी भौतिकोपचार व व्यवसायोपचारतज्ज्ञ, अशी ही साखळी आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही भौतिकोपचार विभाग असतात. खासगी उपचारक निवडताना त्यांची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारावे. चांगला उपचारक पहिल्या भेटीत तुम्हाला काय करता यायला हवे आहे, हे विचारतो. जिना चढणे, बस पकडणे, पोळ्या लाटणे, सलग चार तास झोपणे असे मोजता येणारे उद्दिष्ट तो ठरवतो, घरी करायचा सराव लिहून देतो आणि सहा ते आठ आठवड्यांनी फरक तपासतो. फरक नसेल तर पद्धत बदलतो. केवळ यंत्राखाली झोपवून रोजचे पैसे घेणाऱ्या उपचारात या गोष्टी सहसा नसतात.

वेदना पूर्ण जाईल, असे आश्वासन प्रामाणिक शास्त्र आज देऊ शकत नाही. पुष्कळांची ती कमी होते, काहींची तेवढीच राहते. पण तेवढ्याच वेदनेत अधिक चालणारा, अधिक झोपणारा आणि कामावर परतलेला माणूस आधीच्या अवस्थेत राहिलेला नसतो. बिघडलेल्या पहारेकऱ्याच्या प्रत्येक शिट्टीवर घर बंद करून बसायचे नाही आणि तो गप्प आहे म्हणून दार उघडे टाकूनही निजायचे नाही. घड्याळ, दिनदर्शिका आणि स्वतःचे डोळे यांच्या साहाय्याने आपल्या शरीराची राखण नव्याने शिकणे, हेच या पुनर्वसनाचे सार आहे. त्याची सुरुवात आजच्या सहा-सात मिनिटांच्या चालण्यापासूनही होऊ शकते.